जर्नेल, कर्नेल आणि हवालदाराचा आवाज

मु. आंबेकोंड, लांज्यापासून दोन कोस
ता. ६ मे १९३१

धोंडू हवालदारास आत्माराम बिगुलवाल्याचा रामराम.

तू रागावलास की मला अहो-जाहो करतोस, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी आधीच ‘तू’ म्हणून घेतो. पुढे तुला काय म्हणायचं ते म्हण.

आपला भिकाजी पाष्टे गेला. परवा दुपारी. तीन दिवस ताप होता. वैद्याने काढा दिला, तर एक घोट घेऊन म्हणाला, “ह्यापरीस तुर्काची गोळी बरी व्हती,” आणि वाटी बायकोच्या, येसूबाईच्या, हातात परत दिली. शेवटी त्याला पडवीत निजवला होता. समोर गोठ्यात त्याचे दोन बैल उभे, जर्नेल आणि कर्नेल. (पलटणीत ज्यांना सलाम ठोकले त्यांच्याकडून आता नांगर ओढून घेतो, असं म्हणून त्याने ही नावं ठेवली होती.) भिकाजीने मान वळवली, बैलांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात “स्टंडट ईज!” असा हुकूम सोडला. बैलांनी अंग सैल सोडलं आणि ह्यानेही. मी उशाशीच होतो. रडावं की हसावं ते कळेना, म्हणून मी बाहेर जाऊन विडी ओढली.

तुला त्याचं नावही नको आहे, हे मी विसरलेलो नाही. पण लाकडं रचताना सगळा गाव तुझ्या गोदूच्या लग्नाचीच गोष्ट सांगत होता. तू नव्हतास, म्हणून कशी सांगितली ते कळवतो. चूक असेल तर दुरुस्त कर.

सावर्ड्याचं वऱ्हाड जेवायला बसलं आहे. तुझे व्याही स्वतः जुने शिपाई, गलमिशावाले. त्यांच्या पुढ्यात कढत साराचा द्रोण. तेवढ्यात मांडवाच्या मागून भिकाजी तुझ्या आवाजात ओरडतो, “पंगऽऽत, टेन्शन!” अगदी तुझा आवाज, तो शेवटी नाकातून फुटतो तोसुद्धा. बाकीचे लोक इकडेतिकडे बघतात, पण व्याह्यांच्या अंगात पलटण शिरलेली. ते ताडकन उभे, टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले आणि सार धोतरावर. वऱ्हाड हसलं. व्याही रुसले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. तू भिकाजीला म्हणालास, “तुझं तोंड पुन्हा बघणार नाही,” आणि मुंबईला गोदीवर दरवान होऊन निघून गेलास. आज नऊ वर्षं झाली.

आता ते तोंड बघायची भीती उरलेली नाही. येऊन जा.

तुझा
आत्माराम रांबाडे

ता. १७ मे १९३१

धोंडू हवालदार,

तुझं कार्ड पोचलं. “कळले. वाईट झाले. धोंडू.” एवढंच लिहायचं होतं तर कार्डाची दुसरी बाजू तू उगाच वाया घालवलीस.

तेरावं नीट पार पडलं. पंगतीत सार वाढलं तेव्हा तिघेचौघे आपोआप मांडी सावरून बसले. मग जो तो भिकाजीच्या गोष्टी सांगू लागला. खाकी कोट वरती आणि खाली नुसती लंगोटी, असा तो शेतावर जायचा, ते तू पाहिलेलं आहेस. बसऱ्याहून आणलेल्या खजुराच्या बिया त्याने ह्या आपल्या लाल कातळात लावल्या होत्या, ते पाहिलं नसशील. त्यातलं एक झाड उंच वाढलं. त्याला फळ म्हणून कधी आलं नाही, पण भिकाजी दर साली, “पुढच्या सालापास्नं खजूर विकत घ्यायची नाय,” असं सगळ्या वाडीला बजावायचा. मी तुर्की कैद्यांची गोष्ट सांगितली. त्यांना पहाऱ्यात कंटाळा येतो म्हणून ह्याने त्यांना आट्यापाट्या शिकवल्या होत्या, आणि तुर्क ओरडत-धावत पाट्या फोडताहेत हे पाहून साहेबाने बंड झालं म्हणून शिट्टी मारली. मी अलार्मचा बिगुल वाजवला आणि तू संगिनी चढवायला लावल्यास. तेव्हा तू हसला होतास. मी पाहिलं आहे.

असो. आता मुद्द्याचं लिहितो. भिकाजीचे बैल जागचे हलत नाहीत.

केरूने, म्हणजे भिकाजीच्या पुतण्याने, त्यांना जू लावून पाहिलं. “हैक हैक” केलं, शेपट्या पिळल्या. ते दोघे नुसते समोर बघत राहिले, पहाऱ्यावरचा शिपाई बघतो तसे. मग येसूबाई म्हणाली की विकून टाकू. लांज्याच्या बाजारातला गंगाराम आला, दात पाहिले, पाठ थोपटली, खूश झाला. नेताना मात्र कर्नेल अंगणातच ठाम उभा राहिला, आणि काठी बसल्यावर जर्नेल सरळ खाली बसला. गंगाराम म्हणाला, “आक्का, ह्ये बैल नायत, ह्ये जावय हायत,” आणि विसार परत घेऊन गेला.

भानगड अशी की भिकाजीने त्यांना पलटणीच्या हुकमावर चालायला शिकवलं आहे. कुइक माच म्हटलं की निघतात, लेफ्ट व्हील म्हटलं की वळतात. दुसरी भाषा त्यांना कळत नाही. वाडीतल्या दुसऱ्या जोड्या आपापल्या शेतात गुंतलेल्या असणार, लावणीच्या घाईत कोण कुणाला बैल देतो? आणि खोतांनी निरोप धाडला आहे की पुनर्वसू नक्षत्र संपायच्या आत येसूबाईच्या शेतात जोत उभं दिसलं नाही, तर जमीन दुसऱ्या कुळाला लावू. त्या बाईला दुसरा आधार नाही. मूलबाळ नाही. भाताचे एवढे चार कुणगे, चार तुकडे आहेत, त्यावर तिची पेज आहे.

तू ड्रिल हवालदार. तुला हुकूम येतात. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत शेवटच्या बोटीने ये, म्हणजे झालं. दुसरं काही कारण नाही.

आत्माराम

ता. १५ जून १९३१

धोंडू,

बोट आली. तुझ्यासाठी मी रत्नागिरीच्या बंदरावर जाऊन उभा राहिलो. पडावातून सगळी दुनिया उतरली. एक बकरी उतरली. तू नाहीस.

तू लिहितोस, “हुकूम द्यायला मीच कशाला पाहिजे? तूही पलटणीत होतास.” होतो. पण मी बिगुलवाला होतो रे बाबा. तोंडात पितळ घालून मी लढाई काढली. शिवाय बसऱ्याच्या तापापासून माझ्या गळ्याचं काय झालं आहे ते तू जाणतोस. तरी मी केलं. खाकी पटका बांधला, छाती काढली, “कुइक माच” म्हणालो. जर्नेलने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझी भरती आठवली. मग मी तोंडाने बिगुल वाजवला, म्हटलं निदान सूर तरी ओळखतील. ओळखला. दोघेही चिखलात फतकल मारून बसले. घाईत मला झोपायचाच बिगुल आठवला होता, आणि भिकाजी गोठा बंद करताना रोज तोच वाजवायचा. त्यांना उठवायला वाडीतली सहा माणसं लागली. माझी काशी बांधावर उभी राहून हसत होती. बायको म्हणून एवढी साथ मिळाली.

केरूचं म्हणशील, तर त्याच्या तोंडात सदा तंबाखू. हुकूम द्यायला तोंड रिकामं कधी असतं? एकदा थुंकून “हाल्ट” म्हणाला. बैल मुळात उभेच होते, त्यामुळे तो हुकूम तेवढा पाळला गेला.

येसूबाईने कुदळीने वाफा खणून भाताचा तरवा पेरला आहे. रोप वर आलं. पण चार कुणग्यांचा चिखल कुदळीने होत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. बैल हुकमाने चालतात हे खरं, पण कुणाच्याही हुकमाने नाही. ते तुझ्या आवाजाने चालतात. भिकाजीने त्यांना तुझ्या आवाजात शिकवलं. वासरं होती तेव्हापासून, रोज, त्या नाकातल्या फुटक्या शेवटासकट. नऊ वर्षं ह्या खोऱ्यात सकाळ झाली की तुझा आवाज घुमायचा. परका माणूस वाटेने गेला तर विचारायचा, कोण हवालदार राहतो इथे? तू रागावशील म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता रागव, पण ये. बोटी बंद आहेत. आगगाडीने कोल्हापूर आणि तिथून मोटारीने आंबा घाट उतरून यावं लागेल.

आत्माराम

ता. २ जुलै १९३१

रा. रा. धोंडू मांडवकर यांस,

तुझं चार पानी पत्र मिळालं. पंधरा ओळींतून एकदा ‘अहो आत्मारामराव’ आहे, म्हणजे राग पुरता चढला आहे. “नऊ वर्षे त्या माणसाने माझी थट्टा गुराढोरांपुढे केली, आणि तुम्ही कान देऊन ऐकत बसलात.” बसलो. नक्कल चांगली व्हायची म्हणून ऐकत बसलो.

पण थट्टा? आता माझं ऐक. मी तुझ्याइतकं मोठ्याने ओरडू शकत नाही, म्हणून लिहितो.

लग्नानंतर सहा महिन्यांनी भिकाजी मुंबईला आला होता. तुझी माफी मागायला, फणसपोळीची चळत घेऊन. तू गोदीच्या दरवाजावर उभा होतास. तू त्याला ओळख दिली नाहीस, आत जायचा पास मागितलास. तो तासभर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि तू गाड्यावाल्यांना ओरडत होतास ते ऐकत राहिला. ही हकिकत मला त्यानेच सांगितली. वर म्हणाला, “आत्माराम, आवाज तोच हाय रं. जरा घोगरा झालाय, पन तोच.” फणसपोळी त्याने परतीच्या बोटीवर खाऊन टाकली, ती मात्र एकट्याने.

परत आल्यावर महिन्याभरात त्याने ही वासरं घेतली.

धोंडू, त्याला तुझ्याशी बोलायचं होतं आणि तू बोलत नव्हतास. मग तो तुझ्यासारखं बोलत बसला. मी अडाणी बिगुलवाला, मला ह्याहून जास्त समजत नाही. पण एवढं समजतं.

आणि बसऱ्याच्या वरचं ते वादळ तू विसरलास काय? वाळूने आभाळ झाकलं होतं, हाताला हात दिसत नव्हता. आपली तुकडी रानोमाळ पांगली. तू घोड्यावरून पडून तोंडात वाळू भरून पडला होतास, शब्द निघत नव्हता. तेव्हा खेचरं हाकणारा भिकाजी तुझ्या शेजारी उभा राहिला आणि तुझ्या आवाजात ओरडत राहिला, “इकडे फॉल इन! इकडे!” माणसं आवाजाच्या रोखाने येत गेली. एकसुद्धा हरवला नाही. साहेबाने शाबासकी तुला दिली. भिकाजी म्हणाला, आवाज हवालदाराचा होता, शाबासकी हवालदाराचीच. त्या दिवशी तुझी थट्टा झाली असं तू म्हणाला नव्हतास.

काल येसूबाई आली होती. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही, पण ती समजली. म्हणाली, “भावजी, त्यास्नी आता कागद धाडू नका. त्येंचा राग हाय तो त्येंच्यापाशी ऱ्हाऊ दे. म्या खोताला जमीन परत करते. येवढं मातर कळवा, की ह्ये कदी त्येंच्या नावानं वंगाळ बोललं नायत. बैलांवर चिडले तर आपल्या आवाजात शिव्या द्यायचे. हवालदाराच्या आवाजात कदीच नाय.”

तरवा पिवळा पडायला लागला आहे. मी तुला ये म्हणणार नाही. येसूबाईने नको म्हटलं आहे.

आत्माराम

ता. २६ जुलै १९३१

धोंडू,

तू मुंबईला परत सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. ह्या वेळी दोन्ही बाजूंनी लिहिलं आहेस, बरं वाटलं.

तू आलास तेव्हाच्या काही गोष्टी तुला कळवायच्या आहेत. तू पाठमोरा होतास, म्हणून तुला दिसल्या नाहीत.

घाटात मोटार अडकली म्हणून अर्धी वाट चालत, चिखलाने बरबटून, छत्री मोडलेली आणि मिशी मात्र पिळलेली, असा तू थेट बांधावर येऊन उभा राहिलास. घरी जाऊन पाणी प्यायचीही वाट पाहिली नाहीस. केरूने नांगर धरला. वाडीतले सगळे लावणी टाकून आले होते. तू पहिला हुकूम द्यायला तोंड उघडलंस आणि आतून काही आलंच नाही. लोक समजले की प्रवासाने घसा बसला. मी समजलो ते वेगळं. मी तुझ्या मागे होतो, तुझे खांदे मला दिसत होते.

मग दुसऱ्यांदा तू छाती भरलीस. “जर्नेऽऽल, कर्नेऽऽल, टेन्शन!”

धोंडू, त्या जनावरांनी माना वर केल्या. नुसत्या वर केल्या नाहीत, दोघांनी एकदम घराच्या बाजूला वळवल्या, भिकाजी जिथून यायचा तिकडे. तिथे कुणी दिसेना, तेव्हा तुझ्याकडे पाहिलं. आणि “कुइक माच” म्हटल्याबरोबर असे निघाले की केरू नांगरासकट फरफटत गेला. तंबाखू गिळली त्याने. त्या कुणग्याच्या टोकाला तू लेफ्ट व्हील दिलंस तेव्हा ते इतके झोकात वळले की तू भान विसरून “शाब्बास जवान!” म्हणालास. वाडी हसली. ह्या खेपेला तू रुसला नाहीस.

दुपारी तू “डिसमिस” म्हणालास, तेव्हाचं सांगतो. त्या हुकमाला येसूबाई रोज पेज घेऊन शेतावर यायची. तो सूर ऐकल्यावर ती घरातून निघाली, डोईवर पेजेची मडकी, हातात खाऱ्या माशाचा तुकडा भाजलेला. अर्ध्या वाटेवर ती थांबली. आपण कुणासाठी निघालो ते तिच्या ध्यानात आलं असावं. मला वाटलं आता ती परत फिरेल. पण तिने पदर डोळ्यांना लावला आणि चालत आली. मडकी तुझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बसा भावजी. गार व्हयल.” तू बसलास, तेव्हा ती आड वळून रडली. तू खाली मान घालून जेवत होतास. पेज तू सगळी संपवलीस.

ह्यापुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला ते लिहायला आवडतं. चिखलणी आटपल्यावर तू पडवीत बसून तिला विचारलंस, “वयनी, तो माझा आवाज काढायचा कसा? तुमी रोज ऐकलात. येकदा काढून दाखवा.” ती लाजली. काशीने ढोसलं, तेव्हा तिने खांबाला धरून डोळे मिटले आणि एकच हुकूम दिला. गोठ्यात दोन्ही बैल टाचा जुळवून उभे राहिले! तू आधी हसलास, हसता हसता म्हणालास, “एवढा वंगाळ हाय माझा आवाज?” आणि मग त्या पडवीत, जिथे भिकाजी गेला तिथेच, गुडघ्यांत डोकं घालून रडलास. मला बरं वाटलं. नऊ वर्षं ते साठून राहिलं होतं.

त्यानंतर आठ दिवस तू तिची कवायत घेतलीस. अख्खी वाडी कुंपणावरून बघत होती. “पोटातनं काढा वयनी, घशातनं नको!” सरकारी पलटणीत असा जवान आला असता तर तू त्याला पहिल्या दिवशी नाईक केलं असतंस. खोत स्वतः येऊन बघून गेले. बाईमाणसाने बांधावर उभं राहून हुकूम सोडणं त्यांना रुचलं नाही, पण जोत उभं होतं आणि लावणी झालेली होती. पुनर्वसू संपायला अजून अवकाश होता. आल्या वाटेने परत गेले. जमीन तिच्याकडेच राहिली.

आता आजची हकिकत. माळाखालच्या एका कुणग्यात रोप बसलं नव्हतं, तो पुन्हा नांगरायचा होता. मी सकाळी ओटीवर पेज पीत बसलो होतो. पाऊस लागलेला. तेवढ्यात खालून हुकूम आला, “जर्नेऽऽल, कर्नेऽऽल, टेन्शन!” शेवटी नाकातून फुटलेला.

मी उभा कधी राहिलो ते मलाच कळलं नाही. पेज सगळी धोतरावर. टाचा जुळलेल्या, हात कपाळाशी.

काशी आतून बाहेर आली. “आता ह्ये कुनाला सलाम ठोकताव? धोंडू भावजी तर मुंबयला गेले.”

मी खाली पाहिलं. पावसात बांधावर खाकी कोट उभा होता. कोटाच्या खाली लुगड्याचा काष्टा. पण एवढ्या लांबून, त्या पावसात, मला फक्त कोट दिसत होता आणि आवाज ऐकू येत होता.

 सलाम पुरा केला आणि मगच खाली बसलो.

शिमग्याला बोटी चालू असतात. फणसपोळीची चळत घरात ठेवली आहे, ती एकट्याने खाणार नाही.

आत्माराम